दुकान टाकण्याआधी गल्लीचं घड्याळ बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरी सुटली आहे, सोलापुरात विजापूर रोडला घराखालचा १० बाय १२ चा गाळा रिकामा आहे, हाताशी साडेतीन लाख रुपये आहेत. किराणा-जनरल टाकायचंय. पण दहा मिनिटांच्या अंतरावर मोठं मार्ट झालंय आणि शेजारची पोरं मोबाइलवरून माल मागवतात. अशात छोटं दुकान चालेल का, रोजचं काम काय असतं आणि गिऱ्हाईक कसं सांभाळायचं?

चालेल. पण तुम्ही सगळ्यात आधी काउंटर, काचेचं शोकेस आणि मालाची यादी विचारलीत. ते महिनाभर बाजूला ठेवा. त्याऐवजी सकाळ-संध्याकाळ गाळ्याच्या पायरीवर वही घेऊन बसा. कोण किती वाजता कुठून येतं, हातात कसली पिशवी असते, शाळेची रिक्षा कधी थांबते, नळाला पाणी कोणत्या दिवशी येतं, हे लिहून काढा. मी अशोक चौकाच्या पुढे, यंत्रमागाच्या आणि विडी कामगारांच्या वस्तीत २२ वर्षं दुकान चालवते. आमचे हे मागावर होते. काम कमी झालं तेव्हा घराच्या ओट्यावर चार बरण्या आणि एक तराजू घेऊन मी बसले. तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर पहिल्या दोन वर्षांचा तोटा वाचला असता. प्रत्येक गल्लीचं आपलं एक घड्याळ असतं. माल, उधारी आणि शटर त्या घड्याळाला लावलं तर छोटं दुकान टिकतं, नाहीतर चांगला माल असूनही बसतं.

आमच्याकडचं सांगते. इथे पगार आठवड्याचा. मागावरच्या माणसाचा हिशेब आठवड्याला होतो, विडी वळणाऱ्या बाईचाही तसाच. पगाराच्या संध्याकाळी पाच किलो तांदूळ, लिटरभर तेल, साबणाची वडी, पोरांना बिस्किटाचा पुडा. त्याच घरातलं माणूस पुढच्या पगाराच्या दोन दिवस आधी येतं तेव्हा दहा रुपयांचं तेल आणि पाच रुपयांची चहा पावडर मागतं. म्हणून मी मोठे पुडे पगाराच्या आदल्या दिवशी भरते आणि मधल्या दिवसांसाठी छोट्या पुड्या, पाव किलोची पाकिटं बांधून ठेवते. तुमच्या विजापूर रोडला नोकरदार आणि पेन्शनर जास्त, शिवाय खोल्या करून राहणारी शिकणारी पोरं. तिथं पैसा एक तारखेला येतो, आणि आल्या आल्या माणूस यादी घेऊन मार्टात जातं. त्या पाच-सहा दिवसांत तुमचा गल्ला पडेल. घाबरू नका आणि त्यांना ओढायला पाच लिटर तेलाचा डबा तोट्यात विकू नका. तुमचं गिऱ्हाईक १० तारखेनंतर सुरू होतं. तेव्हा घरातला रवा संपलेला असतो, अचानक पाहुणे येतात, गाडी काढून मार्टात जायचा कंटाळा येतो. पोरांच्या खोल्यांना तर रात्री साडेनऊला पोह्याचं अर्धा किलो आणि दोन अंडी लागतात. ते तुमच्याकडे असलंच पाहिजे.

नळाचं तुम्हाला सांगायला नको, चार-पाच दिवसांआड पाणी म्हणजे काय ते सोलापूरकराला माहीत आहे. पण दुकानदारानं त्याकडे वेगळ्या नजरेनं बघावं लागतं. पाण्याच्या सकाळी दुकानात चिटपाखरू नसतं, सगळं घर पिंपं भरण्यात गुंतलेलं. अकराच्या पुढे मात्र कपड्याची पावडर, भांड्याचा साबण, फिनेल, ब्रश एकदम उठतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी पाण्याच्या दिवसाला निळा ठिपका देते. त्या दिवशी कंपनीच्या सेल्समनला सकाळी बोलावते, कारण मला बोलायला वेळ असतो.

रोजचं काम म्हणाल तर पावणेसहाला शटर. दुधाचे क्रेट आलेले असतात, पाव येतो. दुधात अर्ध्या लिटरच्या पिशवीमागे जेमतेम रुपया सुटतो, त्यात एखादी पिशवी फुटली की सकाळची कमाई गेली. तरी दूध ठेवा. दुधासाठी आलेला माणूस रोज येतो आणि रोज येणाराच तुमचा असतो. नऊच्या पुढे सेल्समन. ‘बारावर एक फ्री’ अशी स्कीम घेऊन येतील, गोड बोलून महिन्याचा माल उतरवतील. आधी मागच्या वेळचा माल किती संपला ते फळीवर बघा, मग ऑर्डर लिहा. एक्स्पायरीचा आणि फुटका माल परत घेणार का, हे पहिल्या दिवशीच विचारून घ्या आणि बिलावर लिहून घ्या. माझ्याकडे एकदा चॉकलेटचे दोन बॉक्स राहिले. एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार गेला आणि दोन्ही बॉक्सचा पाक झाला. ज्यांनी स्कीममध्ये दिले होते त्यांनी हात वर केले. तेव्हापासून होळी झाली की चॉकलेट फ्रिजमध्ये मावेल तेवढंच घेते.

दुपारी बारा ते चार गिऱ्हाईक कमी असतं. ही वेळ झोपेत घालवू नका, सुट्या मालाचं काम तेव्हाच करायचं. तूरडाळीचं पोतं आलं की शिवण उसवून वरचा दाणा बघून समाधान मानू नका. बाही वर करून कोपरापर्यंत हात आत घाला. आतून गार लागलं पाहिजे. ऊब लागली तर आत किडीचं काम सुरू झालंय, दाणा वरून कितीही पिवळाधमक दिसो. तळातली मूठ काढून सुपात पसरा, पिठासारखी भुकटी सुपाला चिकटली तर पोतं परत पाठवा. पोती जमिनीवर टेकवायची नाहीत, खाली फळ्या घालायच्या. भिंतीपासून वीतभर सोडून लावायची, म्हणजे मागून झाडता येतं, उंदराला घर मिळत नाही. रवा आणि मैदा उन्हाळ्यात आठवड्याच्या वर ठेवू नका. जुना माल पुढे, नवा मागे. हे सगळ्यांना माहीत असतं, पण दमलेल्या माणसाच्या हातून नवं पोतं पुढे येतं आणि जुनं तिथंच सोंडे धरतं. एक किडकी डाळ एका घरात गेली की ती बाई मापानं बोलत नाही, सगळ्या चाळीला सांगते. आणि बरोबरच आहे तिचं. तिनं दिवसभर विड्या वळून ते पैसे आणलेले असतात.

वजनाचंही तसंच. इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी वैधमापनशास्त्र विभागाकडून तपासून शिक्का मारून घ्यावा लागतो, ते प्रमाणपत्र समोर लावा. आणि काट्याचं तोंड गिऱ्हाइकाकडे ठेवा. माझ्या काट्याला दोन्हीकडे आकडे दिसतात. मी डाळ टाकताना शेवटची चिमूट त्यांच्या डोळ्यांदेखत वाढवते. वर्षाकाठी त्यात दोन-चार किलो जात असेल. जाऊ दे.

आमच्या वस्तीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू एकाच काउंटरवर चालतं. तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरातली आजी ‘बिय्यम’ म्हणाली की तांदूळ द्यायचा, ‘चिंतपंडु’ म्हणाली की चिंच. कन्नड घरात तांदळाला ‘अक्की’, साखरेला ‘सक्करे’. मीठ दोघांकडेही ‘उप्पु’. ‘एंता?’ म्हणा नाहीतर ‘एष्टु?’ म्हणा, विचारायचंय किती झाले एवढंच. सगळे मला अक्का म्हणतात. तुम्ही तिकडे वीस-पंचवीस शब्द शिकून घ्या. म्हाताऱ्या माणसांना दुसऱ्याच्या भाषेत मागायला संकोच वाटतो, म्हणून ती नातवाला पाठवतात आणि नातू भलतंच घेऊन जातो. त्यांच्या शब्दात दिलं की ती स्वतः येतात, दोन मिनिटं टेकतात.

आता उधारी. तुम्ही लिहिलंय की उधारी द्यायचीच नाही असं ठरवलंय. तसं दुकान बस स्टँडवर चालेल, घराखाली चालणार नाही. पण कशी द्यायची, ते मी पैसे घालवून शिकले. तिसऱ्या वर्षी आमच्या मागच्या बोळातल्या एका घरात माणूस आजारी पडला. मी म्हटलं, लागेल ते न्या. पाच महिन्यांत ११,४०० रुपये झाले. मी एकदाही आकडा सांगितला नाही, वाईट दिसेल म्हणून. सांगितला तेव्हा त्या बाईचा चेहरा पांढरा पडला. त्यानंतर ते घर आलं नाही. पैसे गेले ते गेलेच, पण त्यांची मुलगी शाळेतून येताना आमच्या दारावरून न येता पलीकडच्या बोळातून वळसा घालून जायला लागली. मला ते फार लागलं. चूक माझी होती. फेडता येणार नाही एवढं मी त्यांच्यावर चढू दिलं होतं.

तेव्हापासून माझा नियम एका पगाराचा. जे घर आठवड्यानं कमावतं त्याला आठवड्याची उधारी, जे महिन्यानं त्याला महिन्याची. पगाराला निम्मे तरी आले तर पुढचं पान, नाहीतर रोख, आणि तेही हसून सांगायचं. वही दोन ठेवते. मोठी माझ्याकडे, छोटी त्यांच्या घरी. दोन्हीत एकाच वेळी, त्यांच्यासमोर लिहायचं. पोराला पाठवलं असेल तर पोराचं नाव लिहायचं, कारण ‘आम्ही तो बिस्किटाचा पुडा नेलाच नाही’ हा वाद नेहमी पोरामुळे होतो. आता मोबाइलमध्ये उधारीची ॲप आहेत, माझा मुलगा वापर म्हणतो. मी वापरत नाही. बाईला आपली वही घरी बसून वाचता आली पाहिजे, किंवा मुलीकडून वाचून घेता आली पाहिजे. आणि मागायचं कधीच चारचौघांत नाही. दुकान रिकामं असताना, हळू आवाजात, आकडा सांगून. सणाच्या आदल्या दिवशी मागायचं नाही.

नियम मी एकदाच जाणूनबुजून मोडला, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. माग बंद, विडी बंद, पगाराचा वारच नाहीसा झाला. १४ घरांना मी डाळ, तांदूळ, तेल, मीठ एवढंच दिलं. पुडे, बिस्किटं, शाम्पू नाही, आणि ते आधीच सांगितलं. मधल्या मारुतीजवळच्या ज्या होलसेलवाल्याकडून मी माल घेते ते माझ्या पैशांसाठी थांबले म्हणून जमलं. दिवाळीपर्यंत ११ घरांचं चुकतं झालं. तीन घरं गाव सोडून गेली. ती पानं मी फाडली नाहीत, पण कुणाला दाखवतही नाही.

पैशांच्या बाबतीत आता निम्म्याहून जास्त व्यवहार मोबाइलवर. पैसे जमा झाले की बोलून सांगणारा डबा घ्याच. गर्दीच्या वेळी स्क्रीन दाखवून माणूस निघून जातो. मला एका संध्याकाळी ६४० रुपयांचा खोटा स्क्रीनशॉट दाखवून गेला होता एक जण, आणि मी डाळ तोलत होते. आवाज आला नाही तर नम्रपणे थांबवा. खरा माणूस रागावत नाही. सकाळी शटर उघडलं की क्यूआरचा कागद नखानं खरवडून बघा, वर कुणी दुसरा चिकटवला नाही ना. आणि मोबाइलवर आलेले पैसे घरखर्चाला लावू नका, त्यातून कंपन्यांची बिलं भागवा. घरखर्च गल्ल्यातल्या रोखीतून, तोही रात्री रोजमेळ, म्हणजे दिवसाचा जमाखर्च, लिहून झाल्यावर. सुट्ट्यांऐवजी चॉकलेट देऊ नका. पोराला आवडतं, पण आईला तो रुपया लागतो. दहाची नाणी चालत नाहीत असं गिऱ्हाईक म्हणेल, तुम्ही मात्र घेत राहा. ती चालतात, आणि तुम्ही घेता हे कळलं की सुट्ट्यांची चणचण भासत नाही.

हिशेब सांगते, तुमच्या वहीत मांडा. समजा दिवसाला ८,००० चा गल्ला झाला. कंपनीच्या पुड्यात ८ ते १२ टक्के, साखर-तेलात फार कमी, सुट्या डाळीत आणि खड्या मसाल्यात जरा जास्त, असं सगळं धरून सरासरी ९ टक्के पकडा. म्हणजे ७२० रुपये. महिन्याचे २१,६००. त्यातून फ्रिजसह वीजबिल, खराब माल, पिशव्या, टेंपो. गाळा घरचा म्हणून १७-१८ हजार हातात, तेही दोन माणसांनी पहाटेपासून रात्रीपर्यंत उभं राहून. आणि ८,००० पहिल्या दिवशी होत नाहीत. सहा महिने ३,००० ते ४,००० वर काढायची तयारी ठेवा. म्हणून साडेतीन लाखातले ७५,००० वेगळे काढून बँकेत टाका, त्याला हात नाही. फर्निचरवर ६०,००० च्या वर नको. फ्रिज जुना चालेल, काटा नवा घ्या. माल पावणेदोन लाखाचा पुष्कळ झाला, उरलेले चाळीस हजार अडीअडचणीला.

कागदपत्रं फार अवघड नाहीत. २०१७ च्या कायद्यापासून दोन-चार माणसांच्या दुकानाला गुमास्ता परवान्याची जुनी दगदग राहिलेली नाही, ऑनलाइन सूचना भरायची आणि पावती जपायची. खाण्याचे पदार्थ विकता म्हणून उलाढालीप्रमाणे अन्न सुरक्षेची नोंदणी किंवा परवाना लागतो, तो १४ आकडी नंबर दुकानात लावायचा. वस्तूंची उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत असेल तोवर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. एमआरपीच्या वर एक रुपयाही नाही, थंड पेयावर ‘कूलिंग’चे दोन रुपयेही नाहीत. ते बेकायदाच आहे. पातळ प्लास्टिकच्या पिशव्या ठेवू नका, पहिलाच दंड ५,००० चा आहे.

तंबाखूबद्दल माझं मत स्पष्ट आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तो तर विषयच नाही. सिगारेट, तंबाखूही मी ठेवत नाही. अठराच्या आतल्या मुलाला विकणं गुन्हा आहे आणि घराखालच्या दुकानात बाप नेमका पोरालाच पाठवतो. ज्या बायका दिवसभर तंबाखूत हात घालून विड्या वळतात, त्यांच्या खोकल्याचा आवाज मी रोज ऐकते. त्यांच्याच पोराच्या हातात पुडी द्यायला माझा हात उचलत नाही. गल्ला थोडा कमी होतो, होऊ दे.

भावाचा वाद कसा सोडवायचा, त्याचं एक उदाहरण. २२ सप्टेंबर २०२५ ला अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं यांचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून लोक विचारायला लागले, ‘अक्का, टीव्हीवर स्वस्त झालं म्हणाले.’ माझ्याकडे जुन्या छापाचा माल होता. मी कंपन्यांकडून आलेले नवे भाव वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून काउंटरला चिकटवले आणि त्याच भावानं दिलं. फरक मागून कंपनीकडून मिळवला, थोडा अंगावर पडला. कपड्याच्या पावडरीवरचा कर तसाच राहिला होता, पाच-दहा रुपयांच्या पुड्यात भाव तोच राहून वजन वाढलं, हे दिवसातून तीस वेळा समजावून सांगावं लागलं. तिसाव्या वेळीही पहिल्यासारखंच सांगायचं, कारण विचारणाऱ्याची ती पहिलीच वेळ असते.

मार्टाशी बरोबरी करू नका म्हटलं, मग काय ठेवायचं? मार्टात जे पाकिटात मिळतं त्यापेक्षा सोलापूरच्या घरात जे मध्येच संपतं ते. शेंगदाणे आणि शेंगांचं ताजं कूट, आठवड्याला कुटून आणलेली शेंगाचटणी, कडक भाकरी, मालदांडी ज्वारी पाच-पाच किलोत, जुनी चिंच, नारळ. सण ओळखून ठेवा: संक्रांतीला, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत तीळ-गूळ आणि वाणाच्या वस्तू, रमजानमध्ये शेवया, खजूर, नारळी पौर्णिमेला आमच्याकडे मार्कंडेय रथोत्सव असतो, तेव्हा नारळ दोन दिवसांत संपतात. सुटा माल पाच रुपयांचा मागितला तरी द्या, आणि त्याच तोंडानं द्या ज्या तोंडानं पाचशेचा देता.

सुरुवात कधी करायची, तर माझं ऐका, फेब्रुवारीत शटर उघडा. मार्च-एप्रिलमध्ये वर्षाची ज्वारी भरली जाते, पापड-कुरडया होतात आणि काळ्या तिखटाचा मसाला निघतो. एकेका घराची धने, खोबरं, दगडफूल, लवंग, मिरे, तीळ आणि मिरची अशी हजार-बाराशेची यादी असते, आणि खड्या मसाल्यात छोट्या दुकानाला दोन पैसे जास्त सुटतात. या एका खरेदीत बाई तुम्हाला पारखून घेते. मिरची रंगाला ब्याडगी आणि तिखटाला गुंटूर अशा दोन्ही ठेवा, एकत्र करू नका. घेताना पोत्याच्या वरची नाही, तळातली मूठभर काढून कानाशी हलवा. बी खुळखुळलं पाहिजे. गार आणि मऊ लागली तर तिला ओल आहे. तुमचे पैसे पाण्याच्या वजनात जातील आणि गिऱ्हाइकाच्या डब्यात जून उजाडायच्या आत बुरशी धरेल. पहिल्या वेळी मिरची घ्यायला एकटे जाऊ नका, घरातल्या वडीलधाऱ्या बाईला बरोबर न्या.